शेतकऱ्याचा मास्तर कोण?

परवा गावी गेलो तेव्हा थोरल्या भावाने कपाशीचं एक पान माझ्या हातात ठेवलं. कडा लालसर पडलेल्या.

"तू अ‍ॅग्री केलंयस ना? सांग बरं, काय झालंय हे."

मी पान उलटसुलट करून पाहिलं. हे तुडतुड्यांमुळे की अन्नद्रव्यं कमी पडून आलेला लाल्या, ते छातीठोकपणे सांगता येईना. "तपासून घ्यायला पाहिजे," असं काहीतरी पुटपुटलो. दादा हसला, गाडीला किक मारली आणि तालुक्याला कृषी सेवा केंद्रात गेला. तासाभराने तीन बाटल्या घेऊन परत. पैसे? "कापूस विकल्यावर द्यायचे."

लाल्या असेल तर त्या बाटल्यांचा उपयोग शून्य. हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो, कारण खात्री नव्हती. चार वर्षं शेती शिकलो आणि आता बँकेत नोकरी करतो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तर पहिल्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेच्याच पुस्तकांत होती.

रात्री झोप येईना. जुन्या ट्रंकेत 'एक होता कार्व्हर' सापडलं. वीणा गवाणकरांचं हे १९८१ सालचं पुस्तक आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना वाचलंय. तेव्हा भुईमुगाच्या शेकडो पदार्थांनी मी भारावून गेलो होतो. या वेळी मात्र लक्ष गेलं ते ज्या मुलखात हे सगळं घडलं तिकडे. मग मिळेल ते वाचत गेलो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॅकन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने जिल्हा, पण आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. गुलामी कायद्याने संपली होती, पण बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. १८८१ मध्ये तिथे टस्कीगी शाळा सुरू झाली, बुकर टी. वॉशिंग्टन तिचे पहिले प्रमुख. १८९२ पासून ते शेतकऱ्यांची वार्षिक परिषद भरवू लागले. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शिकवायला आले आणि पुढच्याच वर्षी राज्याने शाळेला प्रयोग केंद्र मंजूर केलं. अनुदान वर्षाला दीड हजार डॉलर! शेजारच्या काउंटीत, ऑबर्नला, गोऱ्यांचं कॉलेज होतं. त्याला याच्या कितीतरी पट पैसा मिळे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सुरुवातीला कार्व्हरनीही विकतची खतं घालून प्रयोग केले. पण ती घ्यायला इथे कुणाकडे पैसेच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी शिकवण्याचा रोखच बदलला. पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ यांचं खत. जमिनीचा कस वाढवायला चवळी. जनावरांना ओकच्या झाडाखाली पडलेली फळं. १८९८ सालची त्यांची पहिली पुस्तिका याच फळांवर आहे. म्हणजे जे दाराशी आहे, त्याचंच शिक्षण.

आणि शेतकरी शाळेत येत नाही म्हटल्यावर १९०६ मध्ये शाळाच गाडीत भरून निघाली. खेचरं जुंपलेली ती जेसप वॅगन, तिच्यात अवजारं, बियाणं, लोणी काढायची घुसळणी. त्याच वर्षी थॉमस कँपबेल तिच्यावर नेमले गेले आणि गावोगाव हिंडून शेतात उभं राहून शिकवू लागले. पुढे मोटार आली आणि तिच्यातून शेतीतज्ज्ञाबरोबर नर्ससुद्धा जाऊ लागली. १९२३ सालची गाडी तर शेतकऱ्यांच्याच वर्गणीतून घेतली होती.

मग काय, मॅकन काउंटी सुखी झाली? नाही. जमीन दुसऱ्याची आणि बी-बियाणं, धान्य व्यापाऱ्याकडून उधारीवर, उभ्या पिकाच्या तारणावर. व्यापारी म्हणे, कापूसच लाव, कारण तोच विकला जातो. चवळी लाव म्हणून कार्व्हर कितीही सांगोत, हिशोबाची वही व्यापाऱ्याच्या हातात. कितीतरी लोक शेवटी उत्तरेकडच्या शहरांत निघून गेले. पुस्तक वाचून भारावलेला मी हा भाग कधी पाहिलाच नव्हता.

इथे मला दादाच्या तीन बाटल्या आठवल्या. त्याला सल्ला देणारा, माल विकणारा आणि उधारी देणारा माणूस एकच आहे! दुकानदार वाईट आहे असं नाही. अडीनडीला तोच उभा राहतो. पण "यंदा काही फवारू नकोस" हे तो कसं सांगणार?

आपल्याकडे १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं झाली. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे तळमळीची माणसंही आहेत. पण दादाला केंद्र लांब आणि दुकान जवळ. शेवटच्या वर्षाला आम्हालाही 'रावे' होतं, म्हणजे गावात राहून काम. आम्ही काय केलं? माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवलं, बॅनरसमोर फोटो काढले, वह्या भरल्या. कुणावर किती उधारी आहे हे एकालाही विचारलं नाही.

शेतकऱ्याला कळत नाही म्हणून शिबिरं भरवा, असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मला वाटतं, त्याला कळतं. ज्याला त्याच्याकडून काहीच विकून घ्यायचं नाही, असा मास्तर त्याच्या बांधापर्यंत पोचत नाही, हे खरं दुखणं आहे. पदवीचे गुण देताना तरी विचारावं की, बाबा, तुझ्यामुळे किती जणांची एक बाटली वाचली?

असो. सकाळी उठून ते पान पिशवीत घातलं आणि दादाला म्हटलं, आज फवारू नकोस, मी विज्ञान केंद्रात जाऊन येतो. पंचवीस किलोमीटर आहे. पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदाच निघालो होतो.