गधेगाळीला ‘रेलिक’ म्हणू नका

पबजी खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, एकेएमला ७.६२ची गोळी लागते आणि एम४१६ला ५.५६ची. इथे चुकलात तर तो चारचौघांत तुमची लाज काढेल. त्याच पोराला एखाद्या गेममधला कोरीव दगड दाखवा. ‘एन्शंट रेलिक’. संपलं.

‘गेम आहे, पुरातत्त्वाचा तास नाही’ हा ठरलेला बचाव. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो: नाव बदलायला नवं इंजिन लागत नाही, स्ट्रिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलावी लागते.

२०१७चा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ घ्या. पश्चिम घाट, होयसळ, गणपतीचा तुटलेला दात. देखणा गेम आहे, मी दोनदा संपवलाय. पण त्यात होयसळांची नगरं रानात हरवलेली आहेत. खऱ्या बेलूरला एसटीसारखी बस जाते आणि चेन्नकेशवाची पूजा आजही होते. मात्र एकदा ‘लॉस्ट’ म्हटलं की मालक कुणी उरत नाही, आणि मग नायिका उचलेल ते तिचं.

आपल्याकडची गधेगाळ अशा गेममध्ये आली तर काय होईल? ‘शापित दगड, डॅमेज अधिक दहा’. शिलाहारांच्या काळातल्या गधेगाळी ठाणे-रायगडात ठिकठिकाणी सापडतात. अलिबागजवळ अक्षीला आहे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान चालू. मधे लेख. खाली गाढव आणि बाई: दान मोडणाऱ्याला दिलेली आईवरची शिवी, चक्क दगडात कोरलेली. (आजच्या सातबाऱ्यावर अशी सोय नाही, नाहीतर घोडबंदर रोडवरचे निम्मे टॉवर उभे राहिले नसते.) गधेगाळ हा जमिनीचा कागद आहे. तिची जागा हाच तिचा अर्धा मजकूर. हे नाव माहीत असलेला खेळाडू तिला पिशवीत टाकणार नाही. ही जमीन कुणाची, असा प्रश्न त्याला पडेल. कोडं म्हणूनही ते जास्त चांगलं आहे.

आमच्या टॉवरांमागे येऊरचे डोंगर, त्याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी. तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘लेण’ हा शब्द आहे, पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ आहे. इतका जुना शब्द अजून तोंडात असताना आपण ‘केव्ह’ लिहितो, आणि मराठीत आणायची वेळ आली की ‘गुहा’. गुहेत अस्वल राहतं. लेणं माणसानं छिन्नीनं कोरलेलं असतं, आणि कुणी पैसे दिले तेही बहुतेकदा भिंतीवर लिहिलेलं असतं.

शब्द अवघड आहेत म्हणे! कटाना, रोनिन, शोगुन आपण जपानी गेम खेळूनच शिकलो ना?

परदेशी कंपन्यांचं एक वेळ सोडा. २०२०चा ‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं काढला; म्हणजे गेम इथेही बनतात. आणि डेक्कन कॉलेज त्याच पुण्यात, येरवड्याला आहे. बारव, वीरगळ, पोढी कशाला म्हणतात हे विचारायला रिक्षानं जाता येतं.