पहिल्या तीन महिन्यांचा खर्च



या वेळचं संपादकीय आमच्या हिंगोलीच्या गटाच्या एका बैठकीबद्दल आहे. त्या दिवशी आम्ही एकमेकींवर जेवढ्या चिडलो, तेवढ्या गेल्या कित्येक वर्षांत चिडलो नव्हतो.

मदत मागायला एक बाई आली होती. पन्नाशी ओलांडलेली. सुनेच्या छळाबद्दल तीन वर्षांची शिक्षा भोगून सुटलेली. मुलगा अजून आत आहे. सून मेली तेव्हा पोलीस ठाण्यावर मोर्चा नेणाऱ्या आम्हीच. घोषणा देणाऱ्यांत मीही होते. आता तीच सासू आमच्या दारात चपला काढून उभी होती आणि बारा हजार रुपये मागत होती. गावातल्या घराला दिराने कुलूप घातलंय, माहेरी भावजय दोन दिवसांच्या वर ठेवत नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीची अनामत, दोन महिन्यांचं भाडं, चार भांडी आणि हळदीची काढणी सुरू होईपर्यंतचा किराणा, असा सगळा हिशोब तिने बोटांवर मोजून सांगितला.

"मेलेल्या पोरीला कुणी बारा हजार दिले होते?" आमच्यातल्या एकीने विचारलं. त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही. शेवटी, आधी त्या पोरीच्या आईला विचारायचं असं ठरलं. दोघी जणी तिच्या गावी गेल्या. तिने चहा केला, बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझ्या दारात येऊ नको म्हणावं तिला, अन् लेकराजवळ बी. बाकी तुमचं तुम्ही बघा." याला मी परवानगी म्हणणार नाही. पण तिने घातलेली अट आम्ही जशीच्या तशी पाळतो आहोत.

१९८३ साली ४९८ अ कलम आलं ते आपल्या चळवळीच्या रेट्याने. शिक्षा व्हावी ही मागणी आपली होती, आजही आहे. मात्र शिक्षा संपल्यावर माणसाने कुठे जायचं, हा प्रश्न आपण क्वचितच आपला मानला. सुटून येणाऱ्या सगळ्याच काही सासवा नसतात. हातभट्टीपायी आत गेलेल्या असतात, नवऱ्याचा मार असह्य होऊन त्याच्यावर हात उचललेल्या असतात, नुसत्या संशयावरून उचललेल्या पारधी बाया असतात. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी तुरुंगांच्या नियमावल्यांतून तो शिक्का पुसा असं सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं. आणि सुटून येणारा पुरुष असला, तरी त्याला सांभाळण्याचं ओझं घरातल्या बाईवरच पडतं ना?

आता पैशाकडे येते, कारण बैठकीतला निम्मा वेळ त्यातच गेला. सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीच्या नियमांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड भरता न येणाऱ्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरवली होती. चांगली योजना आहे, पण ती तुरुंगाच्या दरवाज्यापर्यंतची. दरवाज्याबाहेरच्या पहिल्या तीन महिन्यांत माणूस सावरतं किंवा कोसळतं, आणि त्या काळात लागतं ते भाडं, एसटीचं तिकीट, आधार कार्डावरचा पत्ता बदलून घ्यायला कुणीतरी सोबत. हे काम आमच्यासारखे छोटे गटच करू शकतात, कारण गल्लीतली खोली कोण भाड्याने देईल हे आम्हालाच माहीत असतं.

पण अनुदानाचे दरवाजे छोट्या गटाच्या उंचीचे नसतात. पूर्वी मोठी संस्था परदेशी देणगी घेऊन त्यातले थोडे पैसे तालुक्यातल्या गटाला देऊ शकत असे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ते बंद झालं. स्वतः नोंदणी करायची म्हटली तर तीन वर्षांत पंधरा लाख खर्च केल्याचा हिशोब दाखवावा लागतो. आमच्या गटाने जन्मापासून एवढे पैसे पाहिलेले नाहीत. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीही २०२१ पासून वेगळी नोंदणी लागते. त्यातून एखादा देणगीदार भेटलाच, तर त्याला लाभार्थींचा आकडा हवा असतो आणि फोटो हवा असतो. तुरुंगातून आलेल्या बाईचा फोटो! जे लपवून तिला जगायचंय, तेच अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचं. एका अर्जात 'प्रशिक्षण' या रकान्यात लाखभर मागता येत होते, खोलीभाड्याला मात्र रकानाच नव्हता. म्हणून शिलाई मशीनं वाटली जातात आणि महिन्याभरात विकली जातात.

वेगळं करता येतं. टाटा समाज विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत या क्षेत्रात काम करतो आहे. सुटून आलेल्यांना सामाजिक संस्थांमध्ये काम शिकायला ठेवायचं आणि त्या काळात त्यांना विद्यावेतन द्यायचं, अशी त्यांची एक पद्धत आहे. म्हणजे पैसा थेट माणसाच्या हातात पडतो, रोज उठून जायला एक जागा मिळते. मुंबईत संस्था अनेक. सेनगाव-कळमनुरीत कुठे पाठवायचं? तरी त्यातलं तत्त्व आपल्याला घेता येईल. मोठ्या विश्वस्त निधींकडे आपण एवढंच मागावं, की देशातल्या देणग्यांमधून दहा-वीस हजारांच्या छोट्या रकमा ठेवा, कशावर खर्च करायच्या ते गटाला ठरवू द्या, हिशोब चोख मागा, फोटो मागू नका.

आम्ही त्या बाईला अनुदान दिलं नाही. वर्गणीच्या निधीतून आठ हजार बिनव्याजी उसने दिले. सतरा जणी बाजूने, नऊ विरोधात. विरोधातल्या दोघी तेव्हापासून बैठकीला आलेल्या नाहीत, त्यांच्या घरी मी जाणार आहे. त्यांचं म्हणणं पुढच्या अंकात त्यांच्याच शब्दांत छापायची तयारी आहे. तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर तुम्हीही कळवा, फसलेला असला तरी.

ती सध्या हळद निवडायला जाते. पाचशे रुपयांची पहिली परतफेड घेऊन आली तेव्हा पावती फाडायला कुणी पुढे होईना. शेवटी जिने बैठकीत तो प्रश्न विचारला होता, तिनेच पावती लिहिली. तिच्याशी एक शब्दही न बोलता.