दांडा हलतो, पण हात कुठे असतो?

आमच्या रुग्णालयातील एका सहकाऱ्याचा मुलगा गेल्या आठवड्यात कामठीतील माझ्या घरी आला. बारावी झाली आहे, वैमानिक व्हायचे आहे. घरच्या संगणकावर तो वर्षभर विमान उडवतो आहे. जॉयस्टिक आहे, पायाखाली रडरची पेडल आहेत. आता त्याला मोटर बसवलेला थ्रॉटल हवा आहे. मोबाइल पुढे करून म्हणाला, "काकाजी, बाबा म्हणतात, डॉक्टरसाहेब हो म्हणाले तर घेऊन देतो. घेऊ का जी?" किंमत पाहिली. साध्या थ्रॉटलच्या कित्येक पट होती आणि वडिलांच्या महिन्याच्या पगारात बसत नव्हती.

डॉक्टरला हा प्रश्न कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हा प्रश्न जितका यंत्राचा आहे, तितकाच हाताचा आहे.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा. मोठ्या प्रवासी विमानात हे काम बराच वेळ संगणक करतो. बोइंग ७३७ मध्ये संगणकाने शक्ती कमी केली, की मोटरने दांडाही मागे सरकतो. वाढवली, की पुढे जातो. वैमानिकाने जोर लावला, तर तो मोटरला न जुमानता दांडा हलवू शकतो. एअरबस ए-३२० मध्ये रीत वेगळी आहे. तिथे दांडा एका खाचेत स्थिर राहतो आणि इंजिनाची शक्ती आतल्या आत बदलते. घरच्या सिम्युलेटरसाठी मिळणारा मोटरचा थ्रॉटल बोइंगच्या हलत्या दांड्याची नक्कल करतो.

दांडा हलल्याने काय साधते? आम्ही रुग्णाला डोळे मिटायला सांगतो, पायाचा अंगठा हळूच वर किंवा खाली करतो आणि विचारतो, "आता कुठे आहे?" निरोगी माणूस न पाहता सांगतो. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत बातमी देत असतात. दीर्घकाळचा मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली, तर ही बातमी तुटते आणि माणूस अंधारात तोल जाऊन पडतो. कॉकपिटमध्ये डोळ्यांना पाहायला शेकडो आकडे आणि दिवे असतात. अशा वेळी न पाहता कळणारी गोष्ट मोलाची असते.

रुग्णालयातही हेच अनुभवाला येते. अंबू बॅग दाबून रुग्णाला श्वास देताना फुप्फुस किती कडक आहे, नळी कुठे मुडपली आहे का, हे डॉक्टरच्या तळहाताला कळते. व्हेंटिलेटर तेच काम न थकता आणि अधिक नेमकेपणाने करतो, पण तळहाताची बातमी बंद होते. म्हणून व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, रुग्णाची प्रकृती ढासळू लागली आणि कारण उमगेना, तर आम्ही शिकाऊ डॉक्टरांना सांगतो : आधी यंत्र सोडवा, बॅग हातात घ्या.

विमानात ही बातमी हरवली, तर काय होते? १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ जणांपैकी ९२ मृत्युमुखी पडले. इंजिने किमान शक्तीवर होती, विमान खाली येत होते, वेग घटत होता आणि हे वैमानिकांच्या वेळेत ध्यानात आले नाही. स्थिर दांडा हे एकमेव कारण होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेग दाखवणारे मापक समोरच होते. पण शक्ती गेल्याचे हाताला सांगणारे काही तिथे नव्हते, हेही खरे.

म्हणजे हलता दांडा असला की झाले? तसेही नाही. २५ फेब्रुवारी २००९ रोजी तुर्की एअरलाइन्सचे बोइंग ७३७ अ‍ॅम्स्टरडॅमजवळ कोसळले, ९ जण गेले. उंची मोजणारे एक उपकरण चुकले, संगणकाला वाटले विमान टेकत आहे आणि त्याने शक्ती किमान केली. दांडे प्रत्यक्ष मागे सरकले होते, तरी कॉकपिटमधल्या तिघांच्याही वेळेत लक्षात आले नाही. धोक्याचा इशारा मिळाल्यावर सहवैमानिकाने दांडे पुढे ढकलले. मुख्य वैमानिकाने विमान हाती घेताना दांड्यांवरचा हात सुटला आणि मोटरने ते पुन्हा मागे नेले.

माझे मत या दोन अपघातांच्या मधोमध आहे. स्वतःहून काम करणाऱ्या यंत्राने आपण काय करतो आहोत, हे माणसाच्या हाताला सांगितले पाहिजे. पण हात दांड्यावर ठेवायची सवय नसेल, तर मोटर निव्वळ शोभेची. ही सवय साध्या, स्वस्त थ्रॉटलवरही लागते. उतरताना एक हात दांड्यावर, हा नियम आजपासून पाळता येतो.

म्हणून विकत घेण्यापूर्वी पहिला प्रश्न : तुम्ही कोणते विमान उडवता? ए-३२० उडवत असाल, तर मोटर घेऊ नका. खऱ्या विमानातच दांडा हलत नाही. शिकाऊ वैमानिकांच्या सेसना १५२ किंवा १७२ मध्ये तर दांडाही नसतो. ढकलायची-ओढायची मूठ असते. ७३७ चा नाद असेल आणि पैसे हाताशी असतील, तर मोटरला अर्थ आहे. तेव्हाही काही गोष्टी तपासा. मोटर चालू असताना दांडा धरून पाहा. तो हाताला वाट देतो की करकरतो? मोटर बंद करून साध्या दांड्यासारखा वापरता येतो का? तुमच्या सिम्युलेटरमधले ७३७ त्या यंत्राशी जोडता येते का? घासून झिजणाऱ्या संवेदकापेक्षा चुंबकावर चालणारा आपल्याकडच्या धुळीत जास्त टिकतो. दुरुस्ती आणि सुटे भाग भारतात मिळतील का, हेही विचारा. आणि उन्हाळ्यात यंत्र कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नका.

शरीराचाही हिशेब ठेवा. दांड्यावर हात ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात आणि खांदा सैल राहील, इतक्या उंचीवर थ्रॉटल बसवा. दर तासाला उठून चार पावले चाला. घरी बसून अमेरिकेपर्यंत उडणाऱ्याचेही पाय सुजतात.

ज्यांच्या मुलांना खरेच वैमानिक व्हायचे आहे, त्यांना डॉक्टर म्हणून आणखी एक सांगतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. घरच्या सिम्युलेटरचा एक तासही त्यात धरला जात नाही. त्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, वैद्यकीय तपासणी असते : आधी वर्ग २, मग वर्ग १. त्यात दृष्टी, ऐकणे, हृदय आणि रंग ओळखण्याची क्षमता पाहतात. रंगांधळेपणा जन्मजात असतो, मुलांमध्ये अधिक आढळतो आणि बऱ्याच जणांना तो असल्याचा पत्ताच नसतो. यंत्राला किंवा प्रशिक्षणाच्या शुल्काला हात घालण्याआधी ही तपासणी करून घ्या. उशिरा कळले, तर पैशांबरोबर मुलाचे मनही मोडते.

मी त्या मुलाला विचारले, "तू कोणतं विमान उडवतोस?" म्हणाला, "ए-३२०, काकाजी." मग स्वतःच हसला. रंग ओळखायचे तक्ते आमच्या बाह्यरुग्ण विभागात आहेत. सोमवारी सकाळी त्याला वडिलांबरोबर बोलावले आहे.