ही वाट निसर्गाने दिलेली नाही
पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सुमारे 535 किलोमीटर, जवळजवळ मोटारींशिवाय. ऑक्टोबरात आठवडाभर रंगीत पानगळीतून सायकल हाणून आलेले लोक हिला ‘निसर्गाची देणगी’ म्हणतात. साफ चूक! पहिला टप्पा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा, दुसरा 1924 साली बंद झालेल्या कालव्याच्या काठचा. त्या काठाने मोटाररस्ता करायचं घाटत होतं. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी रस्त्याची तळी उचलणाऱ्या संपादकांना सुनावलं, आधी माझ्यासोबत चालून बघा. आणि स्वतः सगळा काठ, 297 किलोमीटर, चालले. 1971 मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

फोटो जरूर टाका, पण श्रेय झाडांना देऊ नका. अशा वाटा आपोआप उरत नाहीत. कुणाला तरी वेळेवर भांडावं लागतं. तुमच्या गावच्या बंद रेल्वेलाइनवर कुणाचा डोळा आहे, माहीत आहे?