डुकरिणीच्या पोटातून येणारा रोग



डुकरीण व्याली, पण दहा पिलांतली चारच जिवंत, बाकीची मेलेली किंवा सुकून काळा गोळा झालेली, असे कधी आपल्याकडे घडले आहे का? मग दोष नजरेला लागतो, नाहीतर डुकरिणीला बाजार दाखवला जातो. पुष्कळदा खरे कारण असते विषाणू. तो आईच्या वारेतून पोटातल्या पिलापर्यंत पोचतो.

डुकरीण ११४ दिवस गाभण राहते. म्हणजे ३ महिने, ३ आठवडे आणि ३ दिवस. लागण कोणत्या दिवसांत झाली, यावर सारे अवलंबून असते. पार्व्हो विषाणूची लागण पहिल्या ७० दिवसांत झाली, तर पिले पोटातच मरून सुकतात. एकामागून एक मरतात, म्हणून ती लहानमोठी निघतात. डुकरीण मात्र ठणठणीत दिसते. पुढे तिला या रोगाची सहसा बाधा होत नाही. तेव्हा तपासणीआधी तिला विकू नका.

स्वाइन फीवर याहून फसवा. साधारण ५० ते ७० दिवसांच्या सुमारास हा विषाणू पिलात शिरला, तर पिलाचे शरीर त्याला परका समजतच नाही. पिलू जिवंत जन्मते, चांगले दिसते आणि कित्येक महिने लाळ, शेण, लघवीतून रोग पसरवते. पुढे खंगून मरते. बाजारातून स्वस्तात आणलेले असे एक पिलू अख्खा कळप बसवू शकते.

वारेतून विषाणू जातो. आईची प्रतिकारशक्ती मात्र जात नाही. ती पिलाला चिकातूनच मिळते. म्हणून एवढे कराच :

• नर दाखवण्यापूर्वी डुकरिणीला स्वाइन फीवरची लस टोचून घ्या. पिलांची लस केव्हा, हे डॉक्टरांना विचारा.
• पिलांना जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच चीक पाजा.
• विकत आणलेले जनावर महिनाभर वेगळे बांधा.
• हॉटेलचे खरकटे चांगले उकळून मगच घाला.
• मेलेली पिले व वार उकिरड्यावर टाकू नका. डॉक्टरांना दाखवून, चुना घालून खोल पुरा.

जिंतूर असो की गंगाखेड, आधी जवळच्या गुरांच्या दवाखान्यात कळवा. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. त्याचा सल्ला घ्या.

आणि घाबरू नका. स्वाइन फीवर म्हणजे स्वाइन फ्लू नव्हे. पार्व्हो आणि स्वाइन फीवर हे दोन्ही रोग माणसांना होत नाहीत.