आधी उतरवून घ्या, मग दुरुस्त करा



काही दिवसांपूर्वी मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. संगणक कक्षात एक जुना संगणक सुरू होत होता. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली : एका तबकडीची तपासणी करावयाची आहे; टाळायची असेल तर दहा सेकंदांच्या आत कोणतीही कळ दाबा. शेजारी उभ्या असलेल्या नववीच्या मुलाने सराईतपणे एक कळ दाबली आणि मला म्हणाला, “सर, ता रोजचाच आसा. बटाण दाबलास काय पुढे जाता.”

त्याचे हे वाक्य मी घरी घेऊन आलो, कारण एके काळी मीही नेमके हेच करीत होतो आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली. म्हणून आज या विषयावर माझे मत तुमच्यापुढे मांडणार आहे. मत थोडक्यात असे : संगणक रोज तीच सूचना देत असेल तर ती टाळणे चूक आहे, आणि विचार न करता लगेच ‘दुरुस्ती’ करणे ही त्याहून मोठी चूक आहे.

प्रथम ही सूचना येते तरी का, ते पाहू. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाची कल्पना करा. पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कोणत्या कप्प्यात आहे, ते नोंदवहीत असते. ग्रंथपालांनी नवे पुस्तक कपाटात ठेवले आणि नोंद करण्याआधीच वीज गेली, तर काय होईल? पुस्तक आहे, पण वहीच्या दृष्टीने ते नाही. उलट नोंद आधी केली आणि पुस्तक ठेवायचे राहिले, तर वही खोटी ठरेल. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय तबकडी. तिच्यावरही माहितीचे तुकडे एका जागी आणि त्यांचा पत्ता सांगणारा तक्ता दुसऱ्या जागी असतो. जुन्या ‘फॅट’ पद्धतीत हा तक्ता प्रत्येक तुकड्यापुढे ‘यानंतरचा तुकडा अमुक ठिकाणी’ एवढेच सांगतो. साखळीतील एक कडी तुटली की पुढचे तुकडे बेवारशी होतात. एकच तुकडा दोन फायलींच्या साखळीत शिरला, तर दोघींपैकी एकीची तरी माहिती बिघडलेली असते.

१९९३ साली ‘विंडोज एनटी’बरोबर आलेल्या ‘एनटीएफएस’ पद्धतीने यावर चांगला तोडगा काढला. आपल्याकडील जुने व्यापारी आधी रोजकीर्द लिहीत आणि मग खतावणी. तसेच येथेही तक्त्यात बदल करण्यापूर्वी ‘मी असा बदल करणार आहे’ अशी नोंद वेगळ्या वहीत होते. मध्येच वीज गेली तर संगणक ती वही वाचून काम पुरे करतो किंवा रद्द करतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : ही रोजकीर्द तक्ता सांभाळते, तुमच्या निबंधातील मजकूर सांभाळत नाही.

तक्त्याविषयी शंका आली की संगणक तबकडीवर एक खूण करून ठेवतो. पुढच्या वेळी सुरू होताना ती खूण दिसली की ‘चेकडिस्क’ नावाचा तपासनीस पुढे येतो. वीज गेल्यानंतर एकदा तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सूचना आली नाही, तर काळजीचे कारण नाही. पण तपासणी पूर्ण होऊनही ती पुन:पुन्हा येत असेल, तर काही तरी रोज नव्याने बिघडत आहे. ताप उतरवण्याची गोळी दिली तरी ताप रोज येतो, तेव्हा डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. तसेच हे आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. माझे वडील निवृत्त शिक्षक. अंगणात पर्जन्यमापक ठेवून ते रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजत. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे मोजायला पुष्कळ असे! १९८४ पासूनच्या त्यांच्या वह्या घरी आहेत. पुढे हात थरथरू लागला, तेव्हा २०१६ पासून ते आकडे थेट घरच्या जुन्या संगणकात भरू लागले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. त्या दिवशी संगणक चालू असतानाच वीज गेली आणि कित्येक दिवस आली नाही. ती आल्यावर तपासणीची सूचना दिसू लागली. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. पण घाईत असे, म्हणून रोज कळ दाबून पुढे जात असे. डबीतून अधूनमधून टकटक असा आवाज येई, त्याकडेही दुर्लक्ष केले. अखेर एका रात्री कंटाळून मी सर्वांत कडक तपासणी लावली आणि झोपलो. सकाळी आकडा अर्ध्याच्या थोडा पुढे अडकलेला होता. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर तबकडी असल्याचेच त्याला कळेना.

पाच पावसाळ्यांचे आकडे गेले. ती फाइल काही शे किलोबाइटची होती. आदल्या रात्री ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला एक मिनिटसुद्धा लागले नसते. तबकडी माझ्या तपासणीमुळेच गेली, असे मी सिद्ध करू शकत नाही. ती कदाचित दोन दिवसांनी आपोआपही गेली असती. पण त्या रात्री ती वाचता येत होती, हे नक्की. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “प्रयोग चुकला तर परत करता येतो. पडून गेलेला पाऊस परत मोजता येत नाही.”

अशी कडक तपासणी आजारी तबकडीला का सोसत नाही, याचे उत्तर तुमच्याच पाठ्यपुस्तकात आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्कमधील तबकडीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो आणि ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. परिघ गुणिले फेरे असे गणित करून पाहा. कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर निघतो! या वेगाने धावणाऱ्या पृष्ठभागावर वाचक शीर्ष काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. शीर्ष किंवा पृष्ठभाग इजा झालेला असेल, तर प्रत्येक जादा वाचन ही नव्या ओरखड्याची संधी असते. ‘चेकडिस्क’ला पुढे काहीच न जोडता चालवले तर तो नुसता वाचून अहवाल देतो, ‘एफ’ जोडले तर तक्ता दुरुस्त करतो, आणि ‘आर’ जोडले तर सबंध तबकडी वाचून खराब जागा शोधतो. मी ‘आर’ लावला होता.

येथे एक साधा अंदाज उपयोगी पडतो. तबकडी १६० गिगाबाइटची आणि वाचनाचा वेग सेकंदाला ५० मेगाबाइट असेल, तर सगळी तबकडी वाचायला ३,२०० सेकंद, म्हणजे तासाच्या आतबाहेर वेळ लागावा. रात्रभर काम चालूच असेल, तर तबकडी एकेक जागा पुन:पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत आहे, असे समजा आणि थांबा. हा अंदाज मी आधी केला असता तर!

मग करावे काय? माझ्या मते क्रम असा असावा.

पहिले काम, आवश्यक फाइली दुसरीकडे उतरवून घेणे. संगणक सुरूच होत नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी ‘लिनक्स’ प्रणाली वापरून फाइली काढता येतात. तबकडी टकटक करीत असेल तर शक्य तितके कमी वाचा आणि सर्वांत महत्त्वाचे आधी घ्या.

दुसरे काम, नुसते पाहणे. दुरुस्तीविना तपासणी चालवा आणि अहवाल वहीत उतरवा. चालू तबकडीवरच्या अशा तपासणीत कधी कधी खोट्या चुकाही दिसतात, म्हणून एका अहवालावर निकाल देऊ नका. तबकडी स्वत:ची प्रकृती ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदीत लिहीत असते, तीही पाहा. त्यात पाचव्या क्रमांकाला बदललेल्या जागांची संख्या असते आणि १९७ व्या क्रमांकाला शंकास्पद जागांची. हे आकडे वाढत असतील तर तबकडीचे दिवस भरले. पण १९९ व्या क्रमांकाचा आकडा वाढत असेल आणि ते दोन स्थिर असतील, तर दोष बहुधा तबकडीत नसून तिच्या केबलमध्ये असतो.

आपल्या किनाऱ्यावर ही केबलची शक्यता विसरू नका. खारी, दमट हवा खिडकीच्या गजांना गंज चढवते, तशीच ती धातूच्या जोडांनाही सोडत नाही. संगणकाचा प्लग काढून, केबलचे टोक बाहेर ओढून पुन्हा घट्ट बसवणे, जमल्यास केबल बदलणे, एवढ्यानेही कित्येकदा काम भागते. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, सदोष असेल तर निरोगी तबकडीवरही चुकीचे आकडे लिहिले जातात. म्हणून तिचीही चाचणी घ्यावी.

एक गमतीचा दोष सांगतो. जुन्या संगणकाच्या मुख्य पट्टिकेवर तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. बंद संगणकाचे घड्याळ त्यावर चालते. तो संपला की संगणक दर वेळी कुठल्या तरी जुन्या सालात जागा होतो. ‘लिनक्स’च्या अनेक जुन्या आवृत्त्या अशा वेळी गोंधळतात : तबकडी शेवटची वापरली ती तारीख ‘भविष्यातली’ दिसते, म्हणून तपासणी सुरू! दोष तबकडीचा नाही, तक्त्याचाही नाही. थोडक्या रुपयांच्या सेलचा आहे.

तिसरे काम, एका वेळी एकच बदल करणे. केबल, सेल आणि रॅम तिन्ही एकदम बदलून सूचना थांबली, तर संगणक सुधारला, पण तुम्ही काहीच शिकला नाहीत. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो, तोच नियम येथे. तक्त्याची दुरुस्ती यानंतर, शेवटी करावी. दुरुस्ती करणारा कार्यक्रम तक्ता सुसंगत करतो. त्यासाठी एखादी फाइल तोडावी लागली तर तो तोडतो. बेवारशी तुकडे ‘सीएचके’ आडनावाच्या फाइलींत गोळा करून ठेवतो, पण त्यांतून मूळ मजकूर जुळवणे फार कठीण असते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नवा संगणक घ्यावा. घ्यावा, ऐपत असेल तर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधारही संपला, त्यामुळे पुष्कळ संगणक अडगळीत जातील. नव्या संगणकांत फिरती तबकडी नसते, हेही खरे. परंतु वीज त्यांचीही जाते, तक्ता त्यांनाही असतो आणि कळ दाबून पुढे जाणारे बोट तर तेच असते. शिवाय उघडून पाहता येईल, बिघडले तर फारसे नुकसान होणार नाही, असे यंत्र विद्यार्थ्याला दुसरे कोणते मिळणार?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. कक्षातील प्रत्येक संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही ठेवा. सूचना आली की तारीख, वेळ, पडद्यावरचे शब्द आणि केलेली कृती विद्यार्थ्यांनी लिहावी. महिन्याभरात त्या वहीतून दोषाचा माग लागेल. दर शनिवारी फाइलींची प्रत काढण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे सोपवा. आणि ती प्रत उघडते की नाही, हे तिसऱ्याने पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

बाबांनी त्या घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणवली आणि थरथरत्या हाताने पुन्हा आकडे लिहायला सुरुवात केली. मी ते संगणकात भरतो आणि दर रविवारी त्याची प्रत काढतो. पाच पावसाळ्यांची जागा मात्र कोरीच आहे. आज संध्याकाळी तुमचा संगणक काही विचारू लागला, तर कळ दाबण्यापूर्वी एवढेच स्वत:ला विचारा : यात असे काय आहे, जे मला परत मोजता येणार नाही? ते आधी उतरवून घ्या.