निरोगी मुलींस रोगी ठरविणारा बाजार!

ज्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, त्या देशातील मुलींना ‘कमी खा, आणखी कमी खा’ असा उपदेश अहोरात्र केला जावा, यापरता क्रूर विनोद दुसरा कोणता? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुली रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. प्रगत म्हणून मिरविणाऱ्या आमच्या महाराष्ट्रातही १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५४ टक्के भरले. आणि त्याआधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होते! अशा मुलींच्या हातात मोबाईल आहे आणि त्या मोबाईलवर आरोग्याचा एक नवा धर्म रोज सांगितला जात आहे.

ह्या धर्माचे विधिनिषेध मोठे कडक आहेत. दुपारपर्यंत अन्नाला शिवू नये. भात म्हणजे विष. गहू सोडावा, दूध सोडावे आणि शरीरात साचलेली ‘विषे’ धुऊन काढण्यासाठी अमुक रस व तमुक चूर्ण घ्यावे. निरोगी माणसाच्या शरीरातील नको ती द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे जन्मापासून विनामूल्य करीत असतात, ही गोष्ट मात्र हे उपदेशक सांगत नाहीत. कारण ती सांगितली तर चूर्ण खपणार कसे? उपासमारीने केस गळू लागतात. मग केसांसाठी गोळ्या विकल्या जातात. उपासमारीने पाळी चुकते. मग ‘हार्मोन संतुलना’चा चहा विकला जातो. दुखणेही हेच देणार आणि उपायही हेच विकणार!

हा केवळ चार वाचाळ उपदेशकांचा खेळ आहे असे समजण्याचे कारण नाही. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन ह्या माजी कर्मचारी स्त्रीने फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद जगापुढे ठेवले. इन्स्टाग्राममुळे दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची आपल्या शरीराविषयीची नाराजी वाढते, असा निष्कर्ष कंपनीच्याच संशोधकांनी काढल्याचे त्यांत दिसले. त्या कागदांचा असा अर्थ लावणे चूक आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण एकदा बारीक होण्याचा व्हिडिओ पाहिलेल्या मुलीपुढे तसलेच दहा व्हिडिओ आणून टाकणारे यंत्र तिच्या प्रकृतीची नव्हे, तिच्या वेळेची चिंता वाहते, हे नाकारता येईल काय? आणि ह्या बाजारात खोट्याला किती भाव येतो, हे ऑस्ट्रेलियातील बेल गिब्सन हिने दाखवून दिले. आपला मेंदूचा कर्करोग आपण आहाराने आटोक्यात ठेवला, असे सांगून तिने नाव व पैसा मिळविला. तिला कर्करोग कधी झालाच नव्हता, हे २०१५ साली उघडकीस आले आणि २०१७ साली तेथील न्यायालयाने तिला ४ लाख १० हजार डॉलरांचा दंड ठोठावला.

तथापि मुलींच्या हातातील मोबाईल हिसकावून घ्यावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या पाळीविषयी घरात कुजबुजही होत नव्हती, तिच्याविषयी मुली आज मोकळेपणी बोलतात, हे त्याच मोबाईलचे श्रेय होय. मुली तेथे का जातात, हा प्रश्न आम्ही वडीलधाऱ्यांस विचारतो. ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ असे सांगून तिची तक्रार घरात उडवून लावली जाते. दवाखान्यात दोन मिनिटांत तिची बोळवण होते. ‘गोरी, सडपातळ वधू पाहिजे’ ही मागणी तर मोबाईलच्या कितीतरी आधीची! आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी आई तिने लहानपणापासून पाहिलेली असते. उपदेशकाने ह्या जमिनीत फक्त बी पेरले. नांगरट आपणच करून ठेवली होती.

आता सरकारविषयी. कायदे नाहीत ही सबब चालणार नाही. लठ्ठपणा, मासिक पाळीचे विकार इत्यादींवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ सालच्या कायद्यानेच बंदी घातली आहे. आणि जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या योगे केलेली घोषणाही येते. मोबाईलचा पडदा हा प्रकाश व ध्वनी नव्हे तर काय? त्यातून निसटण्यासाठी औषधाला ‘अन्न’ म्हणून विकण्याची युक्ती निघाली. पण अन्नाच्या फसव्या जाहिरातीस २००६ सालच्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता उघड सांगावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये काढली. म्हणजे शस्त्रे आहेत. ती चालविणारा हात तेवढा दिसत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानातील भेसळ पकडावी, तशी पडद्यावरील ही भेसळही पकडली पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयात वर्षातून एकदा तरी मुलींचे रक्त तपासून, त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगण्याची व्यवस्था झाली पाहिजे.

आणि मुलींनो, तुम्हांस एवढेच सांगणे. जो तुम्हांला आधी तुमच्या शरीराची लाज वाटावयास लावतो आणि मग त्या लाजेवर औषध विकतो, तो तुमचा हितचिंतक नव्हे. शंका असेल तर रक्त तपासून घ्या, जाणत्या डॉक्टरांना विचारा आणि नाचणीची भाकरी, पालेभाजी व उसळ पोटभर खा. उद्याचा महाराष्ट्र ज्यांच्या खांद्यांवर उभा राहावयाचा आहे, त्यांच्या खांद्यांत बळ हवे; ते सडपातळ दिसतात की नाही, ह्याची उठाठेव कोणी करू नये!